दोन शिपाई की दोन विजयदेवता? एका छोट्या रोमन नाण्यावर अडलेली तारीख

हे प्रकरण इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एका शेतात सापडलेल्या रोमन ब्राँझ नाण्यांचं आहे. नाणी ज्यांना सापडली ते गृहस्थ, शेतमालक, जतनतज्ज्ञ आणि संग्रहालय यांची ओळख इथे गाळली आहे आणि साठ्यातले आकडे मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत. नाण्यांचे प्रकार, त्यांची सालं आणि कायदा मात्र आहे तसा दिला आहे. त्या संग्रहालयात नाणी निवडण्याच्या आणि नोंदवण्याच्या कामाला मी स्वयंसेवक म्हणून जात असे, त्यामुळे टेबलावर काय घडलं ते जवळून पाहायला मिळालं.

पार्श्वभूमी

पीक निघून नांगरट झाली की इथल्या शेतांमधून मेटल डिटेक्टर घेतलेली माणसं फिरताना दिसतात. शेतमालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित प्राचीन स्थळ नसेल तर त्यात बेकायदेशीर काही नाही. आपल्या गृहस्थांकडे लेखी परवानगी होती. आधी एक हिरवी चकती निघाली, मग चार पावलांच्या आत आणखी दोन, मग मूठभर. ती त्यांनी डब्यातल्या सँडविचच्या प्लास्टिक पिशवीत टाकली. साठ्याचा साधारण तिसरा हिस्सा असा पिशवीत गेल्यावर खुरप्याला करड्या मातीच्या भांड्याची कड लागली आणि तिथे त्यांनी हात थांबवला.

हा या प्रकरणातला पहिला निर्णय, आणि तो योग्य होता. इंग्लंडमधल्या १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार तीनशे वर्षांहून जुनी नाणी एकाच ठिकाणी सापडली तर ती कॉरोनरला (संशयास्पद मृत्यूंची आणि सापडलेल्या ठेव्यांची चौकशी करणारा अधिकारी) १४ दिवसांत कळवावी लागतात. सोन्याचांदीचं प्रमाण दहा टक्क्यांहून कमी असेल तर अशी किमान १० नाणी लागतात, सोन्याचांदीची असतील तर दोन पुरतात. प्रत्यक्षात माणूस कॉरोनरकडे जात नाही. सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारा जिल्ह्याचा फाइंड्स लिएझन ऑफिसर असतो, त्याला फोन करतो. (आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला की कलेक्टरला कळवायचं, असं त्यात म्हटलंय. हे दहा रुपये १८७८ सालचे, आजवर कोणी बदललेले नाहीत.)

ऑफिसरने पुरातत्त्वाची छोटी तुकडी बोलावली. त्यांनी लहानसा खड्डा घेतला. भांड्याचा वरचा भाग नांगराने कधीच फोडून टाकला होता आणि त्यातली नाणी आसपास विखुरली होती. बूड मात्र जागेवर होतं आणि त्यात गंजून एकमेकांना चिकटलेल्या नाण्यांचा गोळा होता. हे बूड त्यांनी मातीसकट एकसंध उचललं. अशी काळजी का घ्यायची, याचं इथलं सर्वांत गाजलेलं उदाहरण २०१० मधल्या सॉमरसेटमधल्या फ्रोमच्या साठ्याचं. एका मडक्यात ५२,५०३ नाणी होती आणि ती थराथराने काढली गेली. सर्वांत उशिराची, बंडखोर सम्राट कॅरॉसियसची नाणी त्यात वर तरंगत नव्हती, बरीचशी मडक्याच्या मध्याखाली होती. म्हणजे ते मडकं वर्षानुवर्षं थोडं थोडं भरत गेलेलं नव्हतं, एकदमच भरलं गेलं होतं. नाणी ओंजळीने बाहेर काढली असती तर हे कुणाला कळलं नसतं.

आमचा साठा फ्रोमच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. शंभराच्या आतबाहेर नाणी, बहुतेक नखाएवढी. सोनं नाही, नजरेत भरेल अशी चांदी नाही.

प्रश्न

कॉरोनरला द्यायच्या अहवालात आणि पुढे प्रदर्शनाच्या पाटीवर एक गोष्ट लिहावीच लागते: साठा कधी पुरला गेला? याचं उत्तर साठ्यातलं सर्वांत उशिराचं नाणं देतं. ते ज्या साली पाडलं गेलं त्याआधी साठा पुरला जाऊ शकत नाही.

पहिल्या निवडीत जी नाणी ओळखता आली ती सगळी इ.स. ३३० ते ३४१ या दशकातली निघाली. त्यावरून पाटीचा कच्चा मजकूरही तयार झाला. कॉन्स्टंटाइनचा मुलगा सम्राट कॉन्स्टान्स ३४३ च्या ऐन हिवाळ्यात समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आला होता, हे लिखित साधनांतून माहीत आहे. तो तसा का आला ते नीट कळत नाही, पण काहीतरी गडबड असावी. मग गडबड, घबराट आणि पुरलेले पैसे असा धागा कुणालाही जोडावासा वाटतो. संग्रहालयाला तो फार आवडला. शाळेच्या मुलांना सांगायलाही सोपा.

अडचण एका नाण्याची होती. सव्वा सेंटिमीटरहून जरा मोठं, दीड ग्रॅमच्या आसपास. पुढच्या बाजूला सम्राटाचं डोकं आणि लेखाचा शेवटचा तुकडा: '...आन्स पी एफ ऑग' (पी एफ ऑग हा सम्राटाच्या किताबांचा संक्षेप). म्हणजे कॉन्स्टान्सच. मागच्या बाजूला समोरासमोर उभ्या दोन आकृती, मधे काहीतरी उभं, आणि त्यावर बरोबर नको तिथे जाड हिरवट-तपकिरी थर. त्या दोन आकृती शिपाई असतील तर नाणं ३३७ ते ३४१ मधलं. त्या विजयदेवता असतील तर ३४७-३४८ मधलं, आणि मग ३४३ ची गोष्ट संपली.

चित्रं वाचायची कशी

इथे थोडं थांबायला हवं, कारण उशिराच्या रोमन ब्राँझ नाण्यांकडे पाहून पुष्कळ लोक नाक मुरडतात. नीरो, टायटस किंवा ट्रेजनच्या काळातली मोठी सेस्टर्टियस नाणी पाहिलेल्यांना ही चिल्लर वाटते. त्या मोठ्या नाण्यांवर बंदर आहे, रथांच्या शर्यतीचं मैदान आहे, कोलोसियम आहे. इकडे चौथ्या शतकात त्याच त्या दोनचार आकृती लाखोंच्या संख्येने पाडलेल्या. पण या एकसुरी चित्रांमधूनच साल इतकं नेमकं सापडतं, की मोठ्या देखण्या नाण्यांनी त्यांचा हेवा करावा.

३३० मध्ये, ११ मे रोजी, कॉन्स्टंटाइनने आपली नवी राजधानी कॉन्स्टँटिनोपल विधिवत वसवली. त्याच सुमारास सगळ्या साम्राज्यात ब्राँझ नाण्यांची नवी चित्रं निघाली. दोन नगरांची दोन नाणी होती आणि त्यांवर सम्राटाचं नाव नाही, मुखवटाही नाही. 'उर्ब्स रोमा' या नाण्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा, मागे रोमच्या दंतकथेतल्या रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांना पाजणारी लांडगी, वर दोन तारे. 'कॉन्स्टँटिनोपोलिस' या नाण्यावर शिरस्त्राणधारी नगरदेवता, खांद्यावर राजदंड, आणि मागे गलबताच्या नाळेवर पाऊल ठेवलेली पंखवाली विजयदेवता. जुन्या राजधानीला लांडगी मिळाली, नवीला समुद्र. दोघी एकाच टांकसाळीत, एकाच मापाच्या, खिशात शेजारी शेजारी.

तिसरं चित्र सम्राट आणि त्याच्या मुलांच्या नाण्यांवरचं. 'ग्लोरिया एक्सेर्किटुस', म्हणजे सैन्याचा गौरव. दोन शिपाई समोरासमोर, बाहेरच्या हातात भाला, आतल्या बाजूला जमिनीवर टेकवलेली ढाल, आणि दोघांच्या मधे लष्करी निशाणं. ३३० ते ३३५ पर्यंत निशाणं दोन आणि नाणं अडीच ग्रॅमच्या आसपास. ३३५ नंतर नाणं हलकं झालं, दीड-पावणेदोन ग्रॅमवर आलं, चकती आक्रसली आणि मधे एकच निशाण उरलं. म्हणजे निशाणं मोजली की दशकाचा कोणता अर्धा ते कळतं. शिवराई जमवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. दुदांडी शिवराई ओळखताना तोही मजकुराआधी मजकुरामधल्या दोन रेषाच बघतो.

मग पुढच्या बाजूचे किताब. मुलांच्या नावापुढे 'नोब सी' असेल तर ते अजून युवराज आहेत. बाप २२ मे ३३७ ला गेला, मुलांनी ९ सप्टेंबरला ऑगस्टस, म्हणजे सम्राट, ही पदवी घेतली, त्यानंतर त्यांच्या नावापुढे 'ऑग' येतो. म्हणून एक निशाण आणि 'नोब सी' असेल तर ३३५ ते ३३७. एक निशाण आणि मुलाच्या नावापुढे 'ऑग' असेल तर ३३७ ते ३४१. खाली, पायांच्या रेषेखाली, टांकसाळीची खूण. लंडनची टांकसाळ ३२५ च्या सुमारास बंद झाली होती, त्यामुळे ब्रिटनमधली चिल्लर गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीतून येई. ट्रिअरची खूण टी-आर-पी (वाहिन्यांची नव्हे), लिऑनची पी-एल-जी. आर्लची खूण 'कॉन्स्ट' अशी, कारण त्या शहराचं नाव काही वर्षं कॉन्स्टंटिना ठेवलं होतं. नवखा माणूस ती कॉन्स्टँटिनोपलची समजून हरखतो.

३४१ नंतर पश्चिमेकडच्या टांकसाळींतून ब्राँझचा ओघ काही वर्षं जवळजवळ आटला. ३४७-३४८ मध्ये पुन्हा छोटं नाणं निघालं. त्यावर दोन विजयदेवता समोरासमोर, प्रत्येकीच्या हातात पानांचं कडं आणि खांद्याशी पामची फांदी. लागलीच ३४८ मध्ये चलनाची मोठी फेररचना झाली आणि 'फेल टेम्प रेपाराटिओ', 'सुखाचे दिवस परतले', असं म्हणणारी मोठी, जड नाणी आली. कुठे फिनिक्स पक्षी, कुठे घोड्यावरून कोसळणारा शत्रू. आमच्या साठ्यात यांतलं एकही नव्हतं.

आता अडचण लक्षात येईल. एका निशाणाचे शिपाई आणि दोन विजयदेवता, दोन्ही नाणी एकाच मापाची आणि वजनाची. दोन्हींवर 'कॉन्स्टान्स पी एफ ऑग' हा लेख येतो. दोन्हीकडे दोन आकृती समोरासमोर आणि पुष्कळदा मधे काही ना काही उभं: एकीकडे निशाण, दुसरीकडे टांकसाळीने घातलेलं पान किंवा फांदी. आमच्या नाण्याची चकती ठशापेक्षा लहान होती, त्यामुळे खालची टांकसाळीची खूण चकतीबाहेरच गेली होती.

तोललेले पर्याय

नाणं 'न ओळखता येणारं' म्हणून सोडून देणं हा सर्वांत स्वस्त पर्याय. शंभरातलं एक, कोण विचारणार? पण तारीख त्याच्यावरच टांगलेली होती.

ज्यांना साठा सापडला त्या गृहस्थांनी लिंबाचा रस सुचवला. त्यांनी घरी काही सुटी नाणी तशी साफ केली होती आणि ती 'छान निघाली' होती. जतनतज्ज्ञ बाईंनी शांतपणे त्यातलंच एक नाणं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांना पाहायला दिलं. चकचकीत तांबूस धातू, त्यावर खड्डेच खड्डे, चित्र नाही. सोळाशे वर्षं जमिनीत पडलेल्या अशा नाण्याचं चित्र बरेचदा धातूत उरतच नाही, ते त्यावरच्या गंजाच्या दाट, गुळगुळीत थरात असतं. आम्ल तो थर खातं. इलेक्ट्रोलिसिसही तेच करतं, फक्त जास्त वेगाने.

तिसरा पर्याय क्ष-किरणांचा. साध्या क्ष-किरणात पुढची आणि मागची बाजू एकावर एक दिसतात. दीड ग्रॅमच्या झिजलेल्या नाण्यावर सम्राटाचा जबडा आणि शिपायाची ढाल वेगळी करणं कठीण. सूक्ष्म सीटी स्कॅनने ते जमू शकतं. पण त्यासाठी विद्यापीठाकडे वेळ मागायचा, पैसे उभे करायचे, आणि कॉरोनरची तारीख डोक्यावर. एका नाण्यासाठी नको, असं ठरलं. या निर्णयाकडे शेवटी परत येतो.

चौथा पर्याय थर हाताने, शल्यपात्याने आणि सुईने, सूक्ष्मदर्शकाखाली काढण्याचा. संपूर्ण नाणं नव्हे, फक्त एक खिडकी. काढलेलं परत लावता येत नाही, म्हणून जितकं लागेल तितकंच. हाच पर्याय ठरला.

काय केलं

जतनतज्ज्ञांनी विचारलेला प्रश्न सोपा होता: कुठे उघडू? याचं उत्तर शोधण्यात जितका वेळ गेला तितका थर काढण्यातही गेला नाही.

आम्ही दोन्ही प्रकारांची चांगली उदाहरणं घेऊन त्यांची एकाच मापाची रेखाटनं ट्रेसिंग कागदावर केली आणि एकावर एक ठेवली. जिथे चित्रं सर्वांत जास्त वेगळी असतील तिथे उघडायचं. पहिली सूचना छातीच्या उंचीवर, मधोमध. विजयदेवतेच्या हातातलं कडं तिथे येतं. पण शिपायांच्या मधल्या निशाणाचा वरचा कापडी भागही तिथेच येतो. झिजलेल्या नाण्यावर दोन्हींचा एकसारखाच गोळा दिसेल. ती सूचना बाद झाली.

दुसरी सूचना पायांपाशी, आतल्या बाजूला. शिपाई असेल तर ढाल असणार, विजयदेवता असेल तर नुसता झग्याचा घोळ. ऐकायला ठीक. पण तिथे उघडून काहीच दिसलं नाही तर? ढाल नव्हती म्हणून दिसली नाही, की झिजली म्हणून दिसली नाही? काही न दिसण्यावरून निष्कर्ष काढायचा आणि तो कॉरोनरच्या कागदावर लिहायचा, हे कुणालाच पटेना.

तिसरी जागा डाव्या आकृतीच्या पाठीमागची. शिपाई असेल तर तिथे भाल्याची एक सरळ बारीक रेषा, काठाला लागून. विजयदेवता असेल तर खांद्यापासून खाली रुंद होत जाणारा पंख. दोन्हीकडे काही ना काही असणारच, आणि दोन्हींची जात वेगळी. जागा ठरली.

थर निघू लागला तशा आधी एक तिरकी रेघ दिसली, मग तिला समांतर दुसरी, तिसरी. पिसं. खांद्यातून निघालेला पंख. पुढे आणखी उकरण्याची गरज उरली नाही आणि जतनतज्ज्ञांनी तिथेच काम थांबवलं. उजवी आकृती आजही थराखाली आहे.

म्हणजे ३४७-३४८. पण इथे दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो आधी कुणी मांडला नव्हता: हे नाणं मडक्यातलंच कशावरून? ते बुडातल्या गोळ्यातलं नव्हतं, सँडविचच्या पिशवीतलं होतं. रोमन काळात वस्ती असलेल्या शेतात मडक्याशी संबंध नसलेली सुटी नाणी सापडतात, त्यात विशेष काही नाही. पुरल्यानंतर काही वर्षांनी कुणाच्या कमरेच्या पिशवीतून पडलेलं हे नाणं नांगराने सोळाशे वर्षांत दोन हात सरकवलं नसेल कशावरून? एका सुट्या नाण्यावर अख्ख्या साठ्याची तारीख ठरवली आणि ते नाणं पाहुणं निघालं, तर?

मदतीला आला त्याच नाण्यावरचा गंज. साफ करण्याआधी घेतलेल्या छायाचित्रात थराच्या एका कडेला स्पष्ट कमान दिसत होती, शेजारच्या नाण्याच्या काठाने उमटवलेली. नाणी एकमेकांना टेकून गंजली तर असे ठसे उमटतात, एकटं पडलेलं नाणं असं गंजत नाही. खिडकी उघडताना या कमानीचा थोडा भाग गेला, बराचसा राहिला.

वाचता न येणाऱ्यांचा ट्रे

दरम्यान अहवाल तपासायला नाणकशास्त्राच्या एक जाणकार बाई आल्या. त्यांनी आमचं प्रसिद्ध नाणं मागितलंच नाही. 'वाचता आली नाहीत ती कुठे आहेत?' असं विचारलं.

पहिल्या निवडीत वीस-पंचवीस नाणी त्या ट्रेमध्ये गेली होती. झिजलेली, तुटकी, फार छोटी. त्यांनी त्यातली निम्मीअधिक बाजूला काढली आणि म्हणाल्या, ही झिजलेली नाहीत, ही मुळातच अशी पाडलीत. मग आम्हालाही दिसू लागलं. लांडगी आहे, पण कुत्र्यासारखी, पाय काड्यांचे, पिल्लांच्या जागी दोन ठिपके. लेखाच्या जागी अक्षरं नाहीत, अक्षरांसारख्या उभ्या रेघा. वजन ग्रॅमभर. आणि एकावर पुढे रोमा, पण मागे लांडगी नाही, कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यावरची गलबतावरची विजयदेवता. सरकारी टांकसाळीत दोन नगरांच्या ठशांची अशी अदलाबदल सहसा होत नाही. नक्कल करणाऱ्याला कोणती देवी कोणत्या नगराची याच्याशी देणंघेणं नसतं.

ही नकली नाणी म्हणजे फसवणूकच, असं समजायचं कारण नाही. ३४१ नंतर गॉलमधून ब्राँझ येईनासं झालं आणि बाजाराला चिल्लर तर हवीच. मग ब्रिटन आणि उत्तर गॉलमध्ये ३३० च्या दशकातल्या चित्रांच्या नकला मोठ्या प्रमाणावर पाडल्या गेल्या, लोकांनी त्या घेतल्या आणि दिल्या. असं इतरत्रही घडलं आहे. चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन ब्राँझ नाणी तमिळनाडूत करूर आणि मदुराईकडे सापडतात, श्रीलंकेत तर फार मोठ्या संख्येने सापडतात, आणि श्रीलंकेत त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. चिल्लरीची भूक चित्राची शुद्धता पाहत नाही.

आमच्यापुरता मुद्दा वेगळा होता. नकला प्रामुख्याने ३४१ ते ३४६ या टंचाईच्या वर्षांतल्या. साठ्यात त्या डझनभर असतील तर साठा ३४१ ला बंद झाला असं म्हणताच येत नाही. आणि यातल्या दोन नकला तर बुडातल्या गोळ्यातूनच निघाल्या होत्या, म्हणजे त्या पाहुण्या असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता सगळं एका दिशेला झुकलं. नकला सांगतात ३४१ नंतर. पंखवाली आकृती आणि गंजाची कमान मिळून सांगतात ३४७ किंवा नंतर. आणि ३४८ च्या फेररचनेनंतरची मोठी नाणी एकही नाही, म्हणजे ती ब्रिटनच्या या कोपऱ्यात रुळण्याआधी. अहवालात हेच लिहिलं गेलं: साठा ३४७-३४८ मध्ये किंवा लगेच नंतर बंद झाला. विजयदेवतेचं नाणं पिशवीतलं आहे, हेही त्यातच लिहिलं.

निष्पत्ती

कॉरोनरने साठा ट्रेझर, म्हणजे कायद्याच्या अर्थाने ठेवा, म्हणून जाहीर केला. किंमत ठरवणाऱ्या समितीने लावलेली रक्कम किरकोळ होती. ही नाणी बाजारात मुबलक आहेत, एकेकट्या नाण्याला फार कुणी विचारत नाही. असे कितीतरी ब्राँझ साठे कोणतंही संग्रहालय घेत नाही आणि ते सापडणाऱ्याला परत जातात. इथे स्थानिक संग्रहालयाने साठा घेतला. शेतमालकाने आपला वाटा सोडला, सापडणाऱ्या गृहस्थांनी आपला घेतला. यावर कुजबुज झाली, मला ती अनाठायी वाटली. कायद्याने त्यांचा हक्क होता, आणि भांड्याची कड लागताच हात थांबवणारा माणूस तेवढ्या मोबदल्याला नक्कीच पात्र आहे.

पाटीवरची ३४३ ची गोष्ट गेली. सहजासहजी नाही. प्रदर्शनाचं काम पाहणाऱ्यांचं म्हणणं होतं की सम्राटाचा हिवाळी प्रवास लोकांना आठवणीत राहतो, 'चलनाची फेररचना' राहत नाही. त्यात तथ्य आहे. शेवटी पाटीवर एक वेगळा प्रश्न आला: ३४८ मध्ये मोठी नवी नाणी आली तेव्हा या छोट्या नाण्यांचं मोल उतरलं असेल का, म्हणून ती काढायला कुणी परत आलं नसेल का? हेही अनुमानच आहे, पण पाटी ते अनुमान म्हणूनच मांडते, आणि ते तारखेशी भांडत नाही. नोटाबंदी पाहिलेल्या कुणालाही ते समजायला कठीण जाऊ नये.

मांडणीवरही वाद झाला. सम्राटाचं डोकं वर ठेवायची रूढ पद्धत आहे. पण कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या तिन्ही मुलांची डोकी नखाएवढ्या चकतीवर इतकी सारखी दिसतात की चार नाण्यांनंतर पाहणारा पुढे सरकतो. इथे मागची बाजू वर ठेवली, आणि रांगा चित्रांप्रमाणे लावल्या: दोन निशाणं, एक निशाण, लांडगी, गलबत, मग नकला, आणि शेवटी एकटं ते अर्धवट उघडलेलं नाणं. मुलं निशाणं मोजतात. नकलेतली लांडगी शोधायला त्यांना सर्वांत जास्त आवडतं. अर्धंच का साफ केलं, असं मोठी माणसं विचारतात, आणि त्यामुळे पाटी वाचतात.

वेगळं काय करता आलं असतं

पिशवीबद्दल सर्वांत आधी बोललं जातं, पण तिथे फारसं काही हाती लागणार नाही. पहिलं नाणं निघतं तेव्हा तो साठा आहे हे कुणालाच माहीत नसतं. तिसऱ्या-चौथ्या नाण्यानंतर मात्र प्रत्येकासाठी वेगळी छोटी पिशवी आणि फोनवर जागेची नोंद एवढं जमतं. इथल्या डिटेक्टर क्लबांमध्ये आता पुष्कळ जण ते करतात. तसं झालं असतं तर पाहुण्या नाण्याचा प्रश्न निम्मा सुटला असता.

निवडीचा क्रम माझ्या मते जास्त महत्त्वाचा. सुबक चित्र आधी ओळखायचं आणि ओबडधोबड बाजूला सारायचं, ही टेबलावरची सवय सगळीकडची आहे. या काळाच्या साठ्यात ती उलटी हवी. आधी वजन आणि माप घ्यायचं, ग्रॅमभराची आणि त्याखालची नाणी वेगळी काढायची, आणि त्यांत नकला शोधायच्या. तसं झालं असतं तर ३४३ चा मजकूर छापण्याच्या वाटेला लागलाच नसता, आणि एका नाण्यावर इतका भार आला नसता. खिडकी कदाचित तरीही उघडली असती, पण घाई नसती.

गंजाच्या कमानीचं छायाचित्र सरळ प्रकाशात घेतलेलं होतं. कमान दिसते, तिची खोली मोजता येत नाही. बाजूने तिरपा प्रकाश टाकून चार दिशांनी छायाचित्रं घेतली असती तर ती ज्या नाण्याची, त्याचा व्यासही काढता आला असता आणि गोळ्यातल्या नाण्यांशी ताडून पाहता आला असता. साफ करण्याआधीचं छायाचित्र बहुतेक वेळा 'आधी' आणि 'नंतर' दाखवण्यासाठी घेतलं जातं. थर स्वतःच पुरावा आहे असं समजून घेतलं जात नाही.

राहिला स्कॅनचा प्रश्न. एका नाण्यासाठी तो महाग ठरला होता, पण बुडातला गोळा आणि ते नाणं एकत्र पाठवलं असतं तर हिशेब वेगळा झाला असता. गोळ्यातली निम्मी नाणी तोवर सुटी केली गेली होती. उरलेला निम्मा गोळा आता भांड्याच्या बुडात तसाच ठेवला आहे आणि संग्रहालयाने आपल्या नोंदवहीत अट लिहून ठेवली आहे: सीटी स्कॅन झाल्याशिवाय त्यातलं एकही नाणं सुटं करायचं नाही, आणि स्कॅनमध्ये पंखवाली आकृती दिसलीच तर तारखेचा परिच्छेद नव्याने लिहायचा.